शोधाची बातमी आणि तरुण प्रेक्षक

बातमी दोन प्रकारची असते. एक आपोआप घडते. दुसरी शोधून काढावी लागते. पूल कोसळला, ही घडलेली बातमी. ती सांगायची तर वार्ताहराने वेळेवर पोहोचावे, चार माणसांना विचारावे आणि ऐकले-पाहिले ते नीट लिहावे, एवढे पुरते. पण त्या पुलातले सिमेंट गेले कुठे, ठेका कुणाला आणि कसा मिळाला, तपासणीच्या कागदावर सही कुणाची, ही झाली दुसरी बातमी. ती आपल्या पायांनी चालत दारात येत नाही. उलट ती झाकून राहावी अशी पुष्कळांची इच्छा असते, आणि त्या इच्छेच्या पाठीशी पैसा असतो, वजन असते, वकील असतात. तरीही ती बाहेर काढण्याचा जो उद्योग, त्याला आपण शोधपत्रकारिता म्हणतो.

या दुसऱ्या बातमीपुढे आज एक अडचण उभी आहे. ती करणारे आहेत, पाहणारेही आहेत. पण पाहणारे म्हातारे होत चालले आहेत. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दूरचित्रवाणीच्या संचासमोर येऊन बसावे, ही तरुण माणसाची सवयच राहिलेली नाही. त्याचा संच त्याच्या खिशात असतो. मग शोधाची बातमी त्याच्यापर्यंत न्यावी कशी? अमेरिकेतल्या एका नामांकित कार्यक्रमाने २०२० ते २०२२ या काळात त्यासाठी दोन प्रयोग केले. दोन्ही अल्पायुषी ठरले. ते काय होते आणि त्यांतून आपण काय घ्यावे, हे थोडे समजावून घेऊ.

हा कार्यक्रम म्हणजे सीबीएस या कंपनीचा 'सिक्स्टी मिनिट्स'. त्याचे कूळ पाहिले तर ते थेट रेडिओपर्यंत जाते. एडवर्ड मरो या विख्यात वार्ताहराने १९५० च्या डिसेंबरात 'हिअर इट नाऊ' नावाचा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी त्याचे दूरचित्रवाणीवर रूपांतर झाले, आणि नाव झाले 'सी इट नाऊ'. 'आता ऐका'चे 'आता पाहा' झाले, एवढेच! याच कार्यक्रमात ९ मार्च १९५४ रोजी मरो यांनी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा समाचार घेतला. त्या दिवसांत मॅकार्थी ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवीत सुटले होते, आणि त्यांच्याविरुद्ध बोलायची भल्याभल्यांची छाती होत नव्हती. मरो यांनी मुख्यतः काय केले? मॅकार्थींचीच भाषणे, मॅकार्थींचीच चित्रे लोकांपुढे मांडली आणि ती वस्तुस्थितीशी ताडून दाखवली.

मरो यांच्या हाताखाली दिग्दर्शनाचे काम करणारे डॉन ह्यूइट यांनी पुढे 'सिक्स्टी मिनिट्स' काढला. पहिला भाग २४ सप्टेंबर १९६८ रोजी झाला. माइक वॉलेस आणि हॅरी रीझनर हे त्याचे पहिले दोन वार्ताहर. ह्यूइट यांची कल्पना साधी होती. छापील मासिकात जसे निरनिराळे लेख असतात, कुठे गंभीर प्रकरण, कुठे एखाद्या कलावंताची भेट, तसे दूरचित्रवाणीवरचे मासिक असावे. एका तासात साधारण तीन गोष्टी, आणि मधून मधून पडद्यावर टिकटिकणारे एक घड्याळ. पुढे तो रविवारी संध्याकाळी येऊ लागला आणि अमेरिकेतल्या लाखो घरांत रविवारचा नेम होऊन बसला.

आता असल्या बातमीला लागते काय, तेही पाहू; कारण पुढचा सगळा प्रश्न त्यावरच उभा आहे. लागतो तो वेळ. कागद मिळवायचा वेळ, तो खरा की खोटा हे तपासायचा वेळ, घाबरलेल्या माणसाला धीर यायला लागणारा वेळ आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपली बाजू मांडायला दिलेला वेळ. पडद्यावर तेरा मिनिटे दिसते त्यामागे कित्येकदा महिनेच्या महिने गेलेले असतात.

आणि लागतो मालकाचा कणा. १९९५ साली जेफ्री वायगंड नावाचे गृहस्थ 'सिक्स्टी मिनिट्स'पुढे बोलले. एका मोठ्या सिगारेट कंपनीत ते संशोधन विभागाचे उपाध्यक्ष होते, आणि तंबाखूविषयी कंपनीला आतून काय ठाऊक होते ते त्यांनी सांगितले. मुलाखत तयार झाली. पण कंपनी खटला भरील या धास्तीने सीबीएसच्या वरिष्ठांनी ती अडवून धरली. पुढे एका वर्तमानपत्रात वायगंड यांची साक्ष प्रसिद्ध झाली, आणि मग कुठे ४ फेब्रुवारी १९९६ रोजी मुलाखत लोकांना दिसली. याच कार्यक्रमाच्या 'सिक्स्टी मिनिट्स टू' या भावंडाने २८ एप्रिल २००४ रोजी इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात कैद्यांचा छळ कसा झाला त्याची छायाचित्रे दाखवली. तीसुद्धा लष्कराच्या विनंतीवरून दोन आठवडे थांबवून ठेवलेली होती. सांगायचे असे की, ही बातमी शोधून काढणे जितके कठीण, तितकेच ती शोधून झाल्यावर दाखवणे कठीण.

असो. आता तरुणांकडे वळू. पण त्याआधी 'स्ट्रीमिंग' हा शब्द उलगडला पाहिजे. देवळातले कीर्तन घ्या. बुवा उभे राहतात, वेळ ठरलेली असते, आणि सगळे गाव एकाच वेळी तेच ऐकते. उशिरा आलात तर पूर्वरंग हुकला. रेडिओ आणि जुनी दूरचित्रवाणी म्हणजे हे कीर्तन. स्ट्रीमिंगचे तसे नाही. ते ग्रंथालयासारखे आहे. ज्याला जे हवे ते त्याने मागावे, हवे तेव्हा मागावे, हवे तिथे थांबवावे. इंटरनेटवरून प्रत्येकाच्या यंत्राकडे त्याचा त्याचा वेगळा प्रवाह वाहत येतो. मात्र हा ग्रंथपाल मोठा चौकस असतो! आपण कोणते पुस्तक उघडले, कोणत्या पानावर कंटाळून मिटले, याची तो बारकाईने नोंद ठेवतो. आणि जे पुस्तक कुणी मागत नाही ते कपाटातून काढून टाकतो.

वरवर पाहता हा फरक सोयीचा वाटतो. पण शोधाच्या बातमीच्या दृष्टीने त्यात एक मोठे नुकसान लपलेले आहे. रविवारी 'सिक्स्टी मिनिट्स'च्या आधी सीबीएसवर हंगामात फुटबॉलचे सामने असत, आजही असतात. सामना संपतो, माणूस खुर्चीतून उठत नाही, आणि समोर घड्याळ टिकटिकू लागते. तंबाखूच्या कंपनीविषयी आज माहिती मिळवीन, असे ठरवून तो बसलेला नसतो. तो बसलेला असतो खेळासाठी. बातमी त्याला वाटेत भेटते. आपल्याकडेही नाट्यसंगीतासाठी रेडिओ लावलेल्या माणसाने पुढचे शेतीवरचे भाषण ऐकले आणि त्याला त्यातले चार शब्द उपयोगी पडले, असे काय थोडे झाले आहे? लोकशाहीवर या आळसाचे पुष्कळ उपकार आहेत. स्ट्रीमिंगमध्ये हा आळस चालत नाही. तिथे शेजारी सिनेमा असतो, खेळ असतो, गाणे असते, आणि बातमीला स्वतःच्या नावावर गिऱ्हाईक मिळवावे लागते.

पहिला प्रयोग झाला तो क्विबी नावाच्या नव्या सेवेवर. 'झटपट घास' अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून हे नाव बनवलेले होते, आणि त्या नावातच तिचे सगळे तत्त्वज्ञान आले. तरुण माणसाला वेळ नाही, धीर नाही. तेव्हा फोनवर पाहण्याजोगे, दहा मिनिटांच्या आतले कार्यक्रम त्याला द्यावेत. या कल्पनेवर सुमारे पावणेदोन अब्ज डॉलरचे भांडवल गोळा झाले. ६ एप्रिल २०२० रोजी सेवा सुरू झाली, आणि जूनमध्ये तिच्यावर 'सिक्स्टी मिनिट्स'ची धाकटी आवृत्ती आली. नाव होते 'सिक्स्टी इन सिक्स'. म्हणजे साठ मिनिटांचा बाणा सहा मिनिटांत!

वार्ताहर मात्र पोरकट नव्हते. वेस्ली लोअरी हे पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या माणसांची देशभरची मोजदाद करणाऱ्या 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या चमूतले. त्या कामाला २०१६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. एन्रिके आसेवेदो हे स्पॅनिश भाषेतल्या वार्ताप्रसारणात नाव मिळवलेले. लॉरी सीगल यांचा अभ्यास तंत्रज्ञानाचा, आणि सेथ डोन हे परदेशांतून बातम्या पाठवणारे अनुभवी वार्ताहर. चौघेही तयारीचे, पण ज्या गाडीत त्यांना बसवले तिचीच चाके निखळली. क्विबी काढली होती प्रवासात, रांगेत, दोन कामांच्या मधल्या फटीत पाहण्यासाठी, आणि ती निघाली तेव्हा करोनाच्या साथीने सगळे जग घरात कोंडलेले. पण केवळ साथीला दोष देऊन भागत नाही. झटपट घास फुकट वाढणारी ठिकाणे पुष्कळ होती, मग त्यासाठी महिन्याला पैसे कोण मोजणार? २१ ऑक्टोबर २०२० रोजी सेवा बंद करत असल्याचे जाहीर झाले आणि १ डिसेंबरला तिचा पडदा पडला.

दुसरा प्रयोग अधिक विचाराने झाला. ४ मार्च २०२१ रोजी सीबीएसच्या मालक कंपनीने आपली स्ट्रीमिंग सेवा 'पॅरामाउंट प्लस' या नव्या नावाने उघडली, आणि तिच्याबरोबरच 'सिक्स्टी मिनिट्स प्लस' सुरू झाला. वार्ताहर तेच चौघे. पण आता सहा मिनिटांचे बंधन नव्हते. एका भागात साधारणपणे एकच विषय घ्यावा, वार्ताहराने थोडे मोकळेपणाने बोलावे, तरुणांच्या जिव्हाळ्याचे प्रश्न पुढे आणावेत, असा बेत होता. म्हणजे तरुणाला घास भरवायचा नाही, त्याला पंगतीला बसवायचे.

सुरुवातही वाजतगाजत झाली. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर जमाव चालून गेला, त्यात शिंगांची टोपी घातलेला, तोंड रंगवलेला एक मनुष्य होता. त्याचे चित्र जगभर गेले. हा मनुष्य तुरुंगात असताना लॉरी सीगल यांनी त्याची मुलाखत घेतली. चार दिवसांनी न्यायाधीशांनी त्याला खटल्याआधी सोडण्यास नकार दिला, तेव्हा या मुलाखतीचाही उल्लेख केला आणि ती ज्या रीतीने घडवून आणली गेली त्याबद्दल नापसंती दाखवली. हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. प्रसिद्ध माणसाची मुलाखत मिळाली की लोकांचे लक्ष वेधले जाते, यात शंका नाही. पण मुलाखत मिळवणे आणि गुपित शोधणे या दोन गोष्टी एक नव्हेत. नव्या ग्राहकासाठी दार उघडताना दुकानदार दर्शनी वस्तू पुढे मांडतो, तसे हे झाले. कार्यक्रमाचे खरे मोल मागच्या कपाटात होते.

जानेवारी २०२२ मध्ये हा कार्यक्रमही बंद करण्यात आला. वर्षसुद्धा पुरते भरले नव्हते. इथे जुन्या 'सिक्स्टी मिनिट्स'ची आठवण ठेवली पाहिजे. तोही जन्मतःच लोकप्रिय नव्हता. कित्येक वर्षे तो वारांच्या आणि वेळांच्या खटपटीत फिरत राहिला, आणि १९७५ च्या अखेरीस रविवार संध्याकाळ मिळाल्यावर त्याचे बस्तान बसले. विश्वास हे कलमी झाड नव्हे. त्याला फळ यायला काळ जावा लागतो. वडिलांना सात वर्षे दिली, मुलाला एक वर्षही नाही.

मग निष्कर्ष काय काढायचा? तरुणांना गंभीर गोष्टी नकोच आहेत, असे म्हणून मोकळे व्हायचे? हा निष्कर्ष सोपा आहे आणि माझ्या मते चुकीचा आहे. हीच तरुण मंडळी दोन-दोन, तीन-तीन तासांच्या गप्पा फोनवर ऐकतात. जॉन ऑलिव्हर हा विनोदी निवेदक २०१४ पासून 'लास्ट वीक टुनाइट' या कार्यक्रमात एकेका किचकट विषयावर, विमा म्हणा, तुरुंग म्हणा, पंधरा-वीस मिनिटे बोलत आला आहे, आणि त्याचे ते बोलणे लाखो तरुण आवडीने पाहतात. तेव्हा धीर नाही असे नाही. धीर आहे, पण तो उधारीवर मिळत नाही. "आम्ही मोठे, आम्ही सांगतो म्हणून खरे," हे ऐकून घ्यायला ही पिढी तयार नाही. तिचे म्हणणे असे की, तुम्हाला हे कळले कसे, ते आधी दाखवा.

आणि ते दाखवता येते. याचे एक उदाहरण सांगतो. २०१८ च्या जुलैमध्ये आफ्रिकेतील कॅमेरून देशातली एक भयंकर ध्वनिचित्रफीत इंटरनेटवर फिरू लागली. सैनिक दोन स्त्रियांना आणि दोन मुलांना धुळीच्या रस्त्याने नेतात आणि गोळ्या घालून मारतात. कॅमेरून सरकार म्हणाले, ही खोटी बातमी आहे. बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या चमूने इतर अभ्यासकांच्या मदतीने ती फीत तपासायला घेतली. फितीत मागे डोंगराची एक रेघ दिसत होती. ती रेघ उपग्रहाच्या नकाशांशी जुळवत जुळवत त्यांनी जागा शोधली: नायजेरियाच्या सरहद्दीजवळचे झेलेवेत नावाचे गाव. मग प्रश्न उरला काळाचा. तिथली एक भिंत, काही घरे जुन्या उपग्रहचित्रांत कधी दिसतात आणि कधी दिसेनाशी होतात, ते पाहिले. फितीतली एक पायवाट उन्हाळी दिवसांतच उमटते, हेही ध्यानात आले. शेवटी सैनिकांच्या सावल्या घेतल्या. सावली म्हणजे निसर्गाचे घड्याळच! तिच्या लांबीवरून आणि दिशेवरून सूर्य कुठे होता ते निघाले, आणि हत्या २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या दरम्यान झाल्या, असे ठरले. मारेकऱ्यांपैकी तिघांची ओळखही पटवण्यात आली.

दरम्यान सरकारची भाषा बदलली होती. ऑगस्टमध्ये सात सैनिकांना अटक झाल्याचे त्याने जाहीर केले. सप्टेंबर २०१८ मध्ये 'ॲनाटमी ऑफ अ किलिंग' या नावाने तो शोध प्रसिद्ध झाला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ही सारी हकीकत दहा-बारा मिनिटांच्या चित्रपटात मावली होती, आणि एक एक पायरी मांडत ती समाजमाध्यमांवरही सांगितली गेली. आता पाहा, लांबी थोडीच होती. पण ती थोडकी करायची म्हणून काही कापलेले नव्हते. डोंगर, पायवाट, सावली, एकेक पुरावा पाहणाऱ्याच्या हातात ठेवला होता. ज्याला शंका असेल त्याने नकाशा उघडावा आणि स्वतः पडताळून पाहावे. गणिताचे मास्तर फळ्यावर नुसते उत्तर न लिहिता रीत मांडून दाखवतात, तसे हे होते.

मला वाटते, शोधाची बातमी तरुणांपर्यंत न्यायची किल्ली इथे आहे. घड्याळ लहान करून ती नेता येत नाही. वार्ताहर तरुण नेमून, पडदा उभा करूनही फारसे भागत नाही. रीत उघडी करावी लागते. मरो यांनी १९५४ साली मॅकार्थींचेच शब्द लोकांपुढे ठेवले, तेव्हा त्यांनीही हेच केले होते. तेव्हा ही युक्ती नवी आहे असे नव्हे. तिचा विसर पडला होता इतकेच.

दुसरी गोष्ट आहे पैशाची आणि पाठबळाची. ग्रंथपाल नुसता मागणीचा हिशेब करील तर शोधाची बातमी नेहमीच तोट्यात दिसेल, कारण तिचा खर्च आज होतो आणि लाभ उद्या होतो, तोही पैसे देणाऱ्यापेक्षा भलत्याच कुणाला तरी होतो. सिगारेटचे सत्य बाहेर आल्याने ज्याचा जीव वाचला त्याने सीबीएसला कधी पावती फाडून वर्गणी दिली नसेल. म्हणून जिथे ही बातमी टिकते तिथे कुणीतरी थोडा तोटा सोसायला आणि थोडी धमकी पचवायला तयार असते. ते तयार नसले की जुनी कीर्तीही उपयोगी पडत नाही. २०२५ सालीच पाहा. स्वातंत्र्य राहिले नाही असे सांगून 'सिक्स्टी मिनिट्स'च्या कार्यकारी निर्मात्याने एप्रिलमध्ये राजीनामा दिला, आणि जुलैमध्ये मालक कंपनीने अध्यक्ष ट्रम्प यांनी या कार्यक्रमातील एका मुलाखतीवरून भरलेला दावा १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला. आता असे पाहणारा तरुण विचारील की, तुमच्यावर विश्वास का ठेवू? त्याचा प्रश्न उद्धटपणाचा म्हणता येणार नाही.

आणि आपण? आपल्या घरातही फोन आहेत, त्यांवर रोज शंभर गोष्टी येतात, आणि त्यांतल्या कित्येक खोट्या असतात. मुलाच्या हातातला फोन काढून घेऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यापेक्षा एखादे वेळी त्याच्या शेजारी बसावे, तो पाहत असेल ते पाहावे, आणि तीन प्रश्न विचारावेत. हे सांगणाऱ्याला कळले कसे? पुरावा कुठे दाखवला आहे? ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलू दिले का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर गोष्ट सहा मिनिटांची असो की साठ, ती ऐकण्याजोगी आहे. न मिळाली तर ती कितीही झगमगीत असो, बाजूला ठेवावी. हे प्रश्न विचारायला शिकलेला मुलगा किंवा मुलगी उद्या कोणत्या पडद्यावर बातमी पाहील, कुणी सांगावे? पण पुलातले सिमेंट कुठे गेले, हे विचारल्याशिवाय ती राहणार नाहीत, आणि ज्याने ते खाल्ले त्याला तेवढी धास्ती राहील.